दोन भागाला एक

वैशाखात कल्लोळचा बंधारा उघडा पडला
तेव्हा मी उद्यमबागेतून दोन डबे घेऊन आलो,
मोठा रेझिनचा, धाकटा हार्डनरचा.
चिकोडीपर्यंत बस, पुढं वडापात मांडीवर.
शेजारच्यानं विचारलं, तेल काय?
म्हटलं, तसंच काहीतरी.

मामा नावेशी कन्नडात बोलतो, माझ्याशी मराठीत.
उलट कधी ऐकलं नाही.

बाभळीच्या दोन ओंडक्यांवर तिला पालथी घातली
आणि पाच दिवस नुसतं खरवडलं.
वर डांबर. डांबराखाली राळ.
राळेखाली चंदगडहून पिंपानं यायचं ते
काजूच्या टरफलाचं तेल,
ज्यानं मामाच्या मनगटावरचे केस गेले ते गेलेच.
त्याखाली तांबडा ऑक्साइड,
आणि ऑक्साइडवर परवान्याचा जुना नंबर:
पहिला आकडा मराठी, पुढचे तीन कानडी.
"मधी रंगाऱ्याचं जेवण झालं आसंल," मामा म्हणाला
आणि पत्रा पुढं ओढला.

मी कारखान्यातलं ओल मोजायचं यंत्र आणलं होतं.
दोन सुया फळीत टोचायच्या.
एकोणीस. बाराच्या खाली यायला हवं.
मामानं बोटाच्या पेरानं फळी वाजवली,
कान लावला, आणि यंत्राकडं न बघता म्हणाला,
"आजून धा-बारा रोज."
अकराव्या दिवशी सुया साडेअकरावर थांबल्या.
ते मी त्याला सांगितलं नाही.

"कट्टिगीला उसिरु लागतंय रे,
तू तर तिचं नाक-तोंड बांधाय निघालास."
मी म्हटलं, श्वास चालू राहिला की पाणीही चालू राहतं, मामा.
आत ओल कोंडली तर वरून आरसा, आतून भुसा.
म्हणून तर थांबलो ना एवढं.
तो तंबाखू मळत राहिला.
शेवंतामामी तेवढी बोलली:
"ह्यास्नी बी आसंच कायतरी लावून बग."

पहाटे चारला सुरुवात. ऊन चढलं की
ब्रशातच दगड होतो त्याचा.
मामीचा भाजीचा काटा,
एका पारड्यात धाकटा, दुसऱ्यात मोठा,
दोन भागाला एक, चमचाभर इकडंतिकडं नाही.
उद्यमबागेत मी लाकडाचे साचे करतो, ओतकामाचे;
वाळू चिकटू नये म्हणून हेच लावतो त्यांना.
पण साचा पाण्यात जात नाही,
आणि साच्याला कुणी हाक मारत नाही.

पहिला हात ओढला तशी
फळी ओल्या गुळासारखी उजळली.
ऐनाच्या रेषा, गाठी, जिथं
धाकट्या मामानं पुराच्या साली ठोकलेला पितळी पट्टा,
त्याच्या हातोडीचे चुकलेले तीन घाव सुद्धा.
चाळीस वर्षं हिच्यावर काळं चढवत आलेला माणूस
कंदील धरून उभा.
"हिला असा रंग होता होय?"

डब्याच्या तळाशी उरलेलं मिश्रण
आपोआप तापलं, धुमसलं, पत्रा चटका देऊ लागला.
मामानं ते काठीनं वाळूत लोटलं.
"साकु बिडु," म्हणाला,
मला की डब्याला, कळलं नाही.

शेवटी नाळेच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी
वीतभर जागा तो सोड म्हणाला.
तिथं तो काजूचं तेलच लावणार, दरसाल, हातानं.
तिथूनच पाणी शिरेल, मी सांगितलं. दोनदा सांगितलं.
मग ब्रश धुतला.

आषाढात बंधारा बुडाला.
फोनवर मागं पाण्याचा आवाज,
कुणाचं तरी मोटरसायकल चढवणं, शिव्या.
"चालतीया की. हलकी झालीया.
वासच नाही रे पर तिला. काळू कुत्रं हुंगतंय
आन् परत जातंय."
आणि ती वीत?
"ती हाय," म्हणाला.

माझ्या आंगठ्याच्या नखावर एक थेंब राहिला होता,
काचेसारखा, कशानंच न निघणारा.
नखाबरोबर तो रोज थोडा पुढं सरकतो.
लेथवर वाकलं की दिसतो.
गणपतीपर्यंत कडेला येईल.